रिकाम्या तलावातली सायकल

माझ्या आत्याला घाम येत नसे. जन्मापासूनच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काय नशीब काढलंय बाईनं. पण आमच्या गावात हे नशीब फार महाग पडायचं. घाम नाही म्हणजे अंगातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही, आणि आमच्याकडचा उन्हाळा असा की दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर फोड यायचा. आत्या सात वर्षांची होती तेव्हा नऊ वर्षांच्या बाबांनी तिला भर दुपारी लपंडाव खेळायला बाहेर नेलं. ती जिथं लपली तिथंच बेशुद्ध पडली. बाबांनी तिला पाठुंगळीला घेऊन दवाखान्यापर्यंत पळवत नेलं. डॉक्टर म्हणाले, या पोरीला ऊन वर्ज्य. आत्या ते शब्द कदाचित विसरलीही असती. बाबा विसरले नाहीत.

ही गोष्ट घडली तेव्हा आत्या छप्पन्नची होती आणि बाबा अठ्ठावन्नचे. आमच्या ओट्यावर, दाराशेजारी, एक तापमापक टांगलेला होता आणि त्यावर बाबांनी बत्तिसाच्या आकड्यावर लाल रेघ मारलेली होती. पारा रेघेला टेकला की आत्यानं आतल्या खोलीत जायचं, जाड पडदे ओढायचे, उशाशी पाण्याची बादली. वर्षातले आठ-नऊ महिने ही वेळ सकाळी नवालाच यायची. बाबा ओट्यावरून आकडा पुकारत आणि आतून आत्या "ऐकलं" म्हणत असे. दिवसातून दहा वेळा. बाहेरच्या माणसाला वाटावं, घरात लिलाव चाललाय.

आत्या रफूचं काम करायची. गावात तिच्या हाताला तोड नव्हती. कापडाच्याच शिवणीतून चार धागे उसवून घ्यायचे आणि भोक असं विणून काढायचं की मालकालाही ते पुन्हा सापडू नये. हिवाळा आमच्याकडे दूरच्या पाहुण्यासारखा यायचा, दोन आठवडे जेमतेम, पाणी पिऊन पुढे. त्या दोन आठवड्यांत सगळं गाव कसरीनं खाल्लेले लोकरीचे कपडे घेऊन आमच्या दारात उभं राहायचं. म्हणजे जेव्हा आत्याला बाहेर पडता आलं असतं तेव्हा तिला मान वर करायला फुरसत नसायची. आणि भर उन्हाळ्यात हाताला काम नसायचं, तेव्हा ती अंधारात पडून छताकडे बघत असायची. पहाटेचं आणि संध्याकाळचं गाव तिला ठाऊक होतं. दुपारचं गाव तिनं गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी भर उन्हाळ्यातला एक महिना वेडा निघाला.

पहिल्या तारखेला बाबा सकाळी नऊ वाजता ओट्यावर गेले आणि बराच वेळ काही पुकारलंच नाही. पारा बाविसावर होता. त्यांनी तापमापकाला टिचकी मारली. अकराला तो तेविसावर होता. बाबा बाजारात जाऊन दुसरा तापमापक घेऊन आले आणि पहिल्याशेजारी टांगला. दोघांचं एकमत होतं. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ जांभळं झालं, वारा सुटला, पलीकडच्या घरावरचे दोन पत्रे आमच्या अंगणात येऊन विसावले आणि तासभर विजा नाचल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी गारवा, दुपारी ढगांची सावली, चारला वादळ. रेडिओवरचा माणूस म्हणाला की हे असं का होतंय ते आत्ताच सांगता येणार नाही, आणि तेही त्यानं फार आनंदात सांगितलं.

कारण सगळं गावच चळलं होतं. आमच्याकडे बारा ते चार म्हणजे सामसूम, दुकानांची दारं बंद, कुत्रीसुद्धा गटाराच्या पुलाखाली. आता दुपारी कुणाला झोपच येईना. न्हावी गिऱ्हाईक नसलं तरी दारात उभा राहून गात होता. पोस्टातल्या बाई काउंटरच्या बाहेर खुर्ची टाकून बसत होत्या. माणसं विनाकारण एकमेकांच्या घरी जात होती आणि विनाकारण परत येत होती. मी तेव्हा परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसले होते, त्यामुळे या सगळ्यात भाग घ्यायला मोकळी होते.

चौथ्या दिवशी बारा वाजता आत्या चपला घालून ओट्यावर आली. दोन्ही तापमापक तिनं डोळ्यांजवळ जाऊन वाचले. मग बाबांना म्हणाली, "दादा, रेघ तू मारली आहेस, मी नाही. अजून आठ घरं खाली आहे पारा. मी निघाले."

नियम बाबांचाच होता. त्यांनी मला नजरेनं खुणावलं की तू जा हिच्याबरोबर, आणि मी गेले.

आत्या रस्त्यानं कशी चालली ते मला सांगता येणार नाही, कारण ती चाललीच नाही. दहा पावलं टाकायची आणि थांबायची. पाट्यांचे रंग बघायची. पिठाच्या गिरणीच्या दारात उभी राहून आत पडलेल्या उजेडात उडणारं पीठ बघायची. आणि मग तिला तिची कामं दिसायला लागली. थंडी पडली म्हणून लोकांनी पेट्यांतून कोट-स्वेटर काढले होते, आणि सगळं गाव आत्याचे टाके अंगावर घेऊन फिरत होतं. ती माझा दंड धरून कुजबुजायची, "ते बघ, ते कोपर माझं. ती कॉलर माझी. त्या बाईच्या पाठीवर बशीएवढं भोक होतं, दिसतंय का तुला?" मला दिसत नव्हतं, आणि तिला तेच ऐकायचं होतं. बँकेच्या पहारेकऱ्याला तर तिनं थांबवून, त्याची बाही उलटी करून, आपलं पाच वर्षांपूर्वीचं काम तपासलं. तो बिचारा बंदूक सांभाळत निमूटपणे उभा राहिला.

चौकाच्या अलीकडे तिला तो स्वेटर दिसला. राखाडी रंगाचा, खांद्यावर मूठ जाईल एवढं भोक, आणि त्या भोकाला कुणीतरी काळ्या दोऱ्यानं चुण्या घालून आवळलेलं. आत्या जागीच थबकली. एखाद्या गायिकेनं बेसूर स्वर ऐकावा तसा तिचा चेहरा झाला. स्वेटरच्या आत पन्नाशी ओलांडलेला एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस कुडकुडत उभा होता. आत्या त्याच्यासमोर जाऊन म्हणाली की हा स्वेटर काढा. त्या माणसानं कारण विचारलं. ती म्हणाली, मला बघवत नाही.

ते पोहण्याच्या तलावावरचे मास्तर होते. निम्म्या गावाला त्यांनीच पोहायला शिकवलं होतं, मलासुद्धा. आत्याचा आणि त्यांचा कधी संबंधच आला नव्हता, कारण तलाव दिवसा उघडा असे. अर्ध्या तासानं मास्तर आमच्या बाहेरच्या खोलीत आईची शाल पांघरून चहा पीत बसले होते आणि आत्या खिडकीपाशी त्यांचा स्वेटर मांडीवर घेऊन तो काळा दोरा चिमट्यानं उपसत होती. मास्तरांनी कबूल केलं की तो गुन्हा त्यांचाच. आत्या म्हणाली, "म्हणजे पाण्यात चांगले असाल." आई स्वयंपाकघरात गेली ती हसायलाच गेली असावी.

बोलता बोलता कळलं की तलाव महिनाभर बंद होता. फरशा बदलायच्या म्हणून पाणी सोडून दिलं होतं, आणि रोजच्या विजांमुळे गवंडी येत नव्हते. मास्तरांचं काम एकच, रिकाम्या तलावाची राखण. आत्यानं मान वर न करता विचारलं की रिकाम्या तलावात माणूस दिवसभर करतो काय. मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "सायकल चालवतो. आतमध्ये. तळाशी."

आत्याच्या हातातली सुई थांबली. छप्पन्न वर्षांत तिनं सायकलला हात लावला नव्हता. मुलं शिकतात ती दिवसा शिकतात.

पुढचे दोन दिवस तिनं घरात बसून तो स्वेटर पुरा केला. तिसऱ्या दिवशी तिनं बाबांचा एक सदरा आणि एक जुनी पँट पेटीतून काढली, कमरेला दोन चिमटे घेऊन आवळली, आणि आईला सांगितलं की मी दोरे बघायला चालले आहे. आईनं त्या पँटकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघा हो सावकाश. दोरे फार निसरडे असतात." बाबा तेव्हा मागच्या अंगणात पत्रे परत करण्याची बोलणी करत होते.

रिकामा तलाव मी पहिल्यांदाच पाहिला. निळ्या फरशांचा केवढा तरी मोठा हौद, एका टोकाला रुंद पायऱ्या आणि भिंतीवर 'तीन फूट' असं लिहिलेलं. तिथून तळ उतरत उतरत पार दुसऱ्या टोकाच्या 'दहा फूट'पर्यंत गेलेला. आत उतरलं की बाहेरचं काही दिसत नव्हतं, नुसतं ढगांचं आभाळ. बोललेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा. मास्तरांनी आपली जुनी काळी सायकल खांद्यावरून खाली आणली, आत्याला तीन फुटाशी बसवलं आणि गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली.

त्यांना शिकवण्याची एकच पद्धत येत होती. ते आत्यालाही म्हणत होते की श्वास सोडा, मान वर ठेवा, अंग ताठ करू नका, समोरच्या काठाकडे बघा. आत्यानं विचारलं, मी पडले तर. मास्तर म्हणाले, "पडाल. पण बुडणार नाही, याची हमी माझी."

आणि त्यांनी तिला सोडून दिलं. पाय मारायचंही काम नव्हतं, उतारच तिला घेऊन गेला. पाच फुटापाशी ती किंचाळली, सहा फुटापाशी हसायला लागली, सातापाशी आडवी झाली. उठली, कोपर चोळलं, सायकल ढकलत वर आली आणि म्हणाली, पुन्हा. त्या दिवशी ती अकरा वेळा पडली, आणि दर वेळी कुठं पडली ते भिंतीवर वाचून मला ओरडून सांगत होती. शेवटची खेप दहा फुटापर्यंत गेली. तिथं मास्तर हात पसरून उभेच होते. त्यांनी सायकल पकडली, आत्या त्यांच्या खांद्यावर आदळली, आणि दोघांचं हसू त्या हौदात इतका वेळ घुमत राहिलं की मीच वर जाऊन उगाच ढग बघत बसले.

मग आम्ही रोज जायला लागलो. चारचं वादळ यायच्या आत घरी. आठवड्याभरात आत्या वळायला शिकली. उतारानं खाली सुटायचं, खोल टोकाला भिंतीला लगटून वळायचं आणि त्याच वेगात चढावर यायचं, चढाव वेग खाऊन टाकायचा आणि तिथं पाय टेकायचा. कितीतरी फेऱ्या. मास्तर काठावर बसून शिट्टीनं ताल धरायचे. घरी बाबा विचारत की मिळाले का दोरे, आणि आत्या सांगत असे की रंग जुळत नाहीये अजून. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर जुळून आलेले रंग मी पाहिले होते.

एकविसाव्या दिवशी वादळ चारची वाट न बघता अडीचलाच आलं.

आत्या खोल टोकाकडे निघालेली असताना पहिली सर आली, नुसती ओतली. ढगांचा गडगडाट दूर होता, पण मास्तरांचा नियम कडक होता. शिट्टी वाजली, सगळे बाहेर. सायकलसकट पायऱ्या चढून येईपर्यंत आम्ही तिघंही चिंब झालो होतो. मास्तर म्हणाले, छपराखाली थांबू. मी म्हटलं, हो. आत्यानं फाटकाबाहेर पाहिलं. तलावापासून चौकापर्यंतचा रस्ता सरळ होता, थोडा उताराचा, पावसानं रिकामा झालेला, आणि वारा नेमका त्याच दिशेला वाहत होता.

ती सायकलवर बसली आणि गेली.

मी मागे पळाले. मास्तर शिट्टी वाजवत माझ्या मागे पळाले. वाऱ्यानं आत्याला पाठीवर असा हात दिला होता की तिला पाय मारायची गरजच नव्हती. तिच्या अंगावर बाबांची ती पँट आणि सदरा शिडासारखे फुगले होते. ती आमच्या घरावरून गेली. त्याच क्षणी बाबा ओट्यावर उभे राहून पारा वाचत होते. आई नंतर सांगायची की ते "एकवीस" म्हणाले, मग "आपली" म्हणाले, मग "माझी पँट" म्हणाले, आणि अनवाणी धावले. छत्री घेऊन. ती तिसऱ्या पावलाला उलटी झाली, तरी त्यांनी सोडली नाही.

चौकात गोल बाग होती. आम्ही पोचलो तेव्हा आत्या तिच्याभोवती फिरत होती. एक फेरी, दुसरी फेरी. वाहतुकीच्या हवालदारानं चारही बाजूंच्या गाड्या अडवून धरल्या होत्या आणि स्वतः पावसात सलाम केल्यासारखा उभा होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तलावात तिला कधी ब्रेक लागलाच नव्हता. थांबवायला चढाव होता, नाहीतर भिंत होती, नाहीतर मास्तर होते. ब्रेक नावाची गोष्ट तिला कुणी शिकवलीच नव्हती.

बाबा धापा टाकत कडेला उभे राहिले आणि तिला थांब म्हणाले. आत्या समोरून जाताना बोलली, पण फेरीला एकच वाक्य बसत होतं.

पहिल्या फेरीला ती म्हणाली, "दादा, मला थांबता येत नाहीये."

पुढच्या फेरीला म्हणाली, "आणि थांबावंसं वाटतही नाहीये."

बाबांनी तोंड उघडलं तोवर ती बागेच्या पलीकडे गेली होती. ती परत आली तेव्हा तिचे दात वाजत होते, ओठ निळसर झाले होते आणि डोळे असे चमकत होते की मी ते तसे त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "मला थंडी वाजतेय."

बाबांच्या हातातली छत्री गळून पडली. एकोणपन्नास वर्षं त्यांनी बहिणीला गरम होतंय का एवढंच विचारलं होतं. हे वाक्य तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकत होते. ते हसायला लागले. हसता हसता रडायला लागले असावेत, पण पाऊसच इतका होता की कुणाला पुरावा मिळाला नाही. ते तिच्याबरोबर पळायला लागले, सायकलच्या शेजारून, अनवाणी, आणि आणखी एक पूर्ण फेरी त्यांनी तशीच मारली. शेवटी मास्तरांनी पुढे होऊन दहा फुटाच्या टोकाला उभे राहायचे तसे हात पसरले, आणि आत्या सायकलसकट त्यांच्यावर येऊन थांबली.

घरी गेल्यावर मास्तरांची चांगलीच खरडपट्टी निघाली. बाबांनी ब्रेक न शिकवल्याबद्दल त्यांना पंधरा मिनिटं सुनावलं. सायकल शिकवल्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ब्रेक शिकवायला ते स्वतः तलावावर गेले.

महिना संपला तसा उन्हाळा एका रात्रीत परत आला, जसा काही बाजारात जाऊन आला होता. सकाळी नऊला छत्तीस, अकराला एक्केचाळीस. बाबांनी पडलेल्या आवाजात आकडा पुकारला आणि आतून "ऐकलं" आलं. गावानं बारा वाजता दारं लावली. मला वाटलं, संपलं. दोन दिवस मी आतल्या खोलीकडे बघायचंच टाळलं.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला आत्या न्हाणीघरातून बाहेर आली ती कपड्यांसकट नखशिखांत भिजलेली. पाणी निथळत होतं, फरशीवर ओहोळ चालले होते. आईनं काही विचारायच्या आत ती म्हणाली की अंधारात पडून मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. त्या दिवशी हवा एकवीस होती, आणि एकविसात मी आधीही बसले आहे, कधी कुडकुडले नाही. कुडकुडले ते ओली होते आणि वाऱ्यात होते म्हणून. मग घाम म्हणजे तरी काय, ओलं होणं आणि वाऱ्यानं वाळणं. आतून येत नसेल तर बाहेरून घालू. वारा सायकल देईल.

बाबा खुर्चीत बसले. मग उठले. मग म्हणाले की डॉक्टरांना विचारू. डॉक्टर आता त्या वेळच्या डॉक्टरांची मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ पेन चावलं आणि म्हणाली की हे बरोबर आहे, हे आधी कुणी का सांगितलं नाही. मात्र पहिल्यांदा पाच मिनिटं, बरोबर कुणीतरी हवं, आणि कपडे सुकायच्या आत घरी.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं. मी दुसऱ्या सायकलवर, मागे बाबा स्कूटरवर बादली घेऊन. चाळिसाच्या उन्हात, चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरून आत्या पाण्याची रेघ ओढत गेली आणि परत आली. बाबांनी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. त्यांनी पुन्हा लावला. मग आईच्या कपाळाला लावून पाहिला, खात्रीसाठी.

महिन्याभरात पाचाची वीस मिनिटं झाली आणि गावात तिचे पाणवठे ठरले. न्हाव्याच्या दारात एक बादली भरून असायची, पोस्टातल्या बाईंकडे एक, आणि चौकातला हवालदार तर लांबून ती दिसली की गाड्या थांबवून नळी घेऊनच उभा राहायचा. तलाव भरल्यावर मास्तरांनी तिला पोहायलाही शिकवलं. त्यांचे कपडे मात्र दर आठवड्याला कुठं ना कुठं फाटायला लागले. आत्यानं सहा भोकं बुजवली. सातवं उजेडात धरून पाहिलं आणि माझ्या हाती निरोप पाठवला की कात्रीनं कापलेलं आणि झिजून फाटलेलं मला ओळखता येतं. यायचं असेल तर नुसते या. ते त्या संध्याकाळी आले आणि मग येतच राहिले.

मला दुसऱ्या गावी नोकरी लागली. पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले तेव्हा बस भर दुपारी एक वाजता पोचली. स्टँडवर कुणीही नव्हतं, हवा नुसती थरथरत होती. पत्र्याच्या सावलीत आत्या सायकल धरून उभी होती, केसांतून पाणी गळत होतं, पायाशी थारोळं. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि समोरून सगळी भिजले. तिनं माझी पेटी कॅरिअरला बांधली, सीटवर टांग टाकली आणि मला म्हणाली, "गप्पा घरी गेल्यावर. बस लवकर मागे, मी वाळायला लागले आहे."